वगळली : एक

दोन फांद्यांचं शियाचं झाड.

दुपारचे बारा. सौर पाट्यांवर ऊन सरळ उभं.

केळीच्या पानात बांधलेली तिळाची चटणी.

एका तांबड्या बैलाचं नाव.

हिरव्या अक्षरांत: काम पूर्ण झाले.

वडीलधारं माणूस बोलत असताना उठून जाऊ नये.

*

वीज पडली शेजारच्या मोबाईलच्या मनोऱ्यावर, मंगळवारी. पण तारेतून ती कार्यालयात शिरली आणि सर्व्हरची डिस्क मारून गेली. कार्यालय सांभाळणाऱ्या ओजाराने ती टॉवेलात गुंडाळली आणि बसने गुलू शहरात किडेगाच्या दुरुस्तीच्या दुकानात नेली. किडेगाने ती जोडून कानाशी धरली.

"खरखर ऐकलीस?"

"ऐकली."

"ते तुझे म्हातारे बोलत नाहीयेत. आतली सुई घासतेय. जळलेल्या घराची राख आणायची आणि म्हणायचं, यातलं पत्र वाचून दाखव. प्रत काढतोस ना?"

"रोज बाराला. तेव्हा ऊन भरपूर असतं."

"मग इथे कशाला रडतोस? घरी जा."

ओजारा घरी निघाला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. आठ वर्षं त्याने एकच काम केलं होतं. युद्ध संपून लोक छावण्यांतून परतले तेव्हा शेतांच्या हद्दी रानाने गिळल्या होत्या. कोणाची जमीन कुठल्या ओढ्यापर्यंत, हे फक्त म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. म्हातारे एकेक करून चालले होते. ओजाराने त्यांचं बोलणं नोंदवून ठेवलं. चारशे बारा साक्षी.

गुरुवारी त्याने प्रत नव्या डिस्कवर उतरवली. एकेक फाईल उघडून ऐकली. पहिली लागली. शंभरावी लागली. तीनशे सहावी लागली.

त्यानंतर तीनशे आठवी होती.

तीनशे सातवी लादित ओबवोयाची; लादित म्हणजे वडीलधारा. त्याने सगळी डिस्क चाळली. मग प्रत काढणाऱ्या प्रोग्रामची नोंदवही उघडली. रोज तो तिची शेवटची ओळ तेवढी बघायचा, ती हिरवी असायची. आज पहिल्यांदाच तो वर गेला.

सोमवार. वगळली : एक. कारण : फाईल उघडी आहे.

रविवार. वगळली : एक. कारण : फाईल उघडी आहे.

शनिवार. वगळली : एक.

दोनशे चौदा दिवस.

फाईल उघडी होती, कारण ओजाराने ती उघडी ठेवली होती. साक्ष नोंदवली त्याच दिवसापासून. तीन आठवड्यांनी लादित गेला, आणि मग तर बंद करण्याचा प्रश्नच उरला नाही. बोलणं पावणेचार तासांचं. लोक येऊन थोडं ऐकत, ओजारा तिथेच थांबवून ठेवी. थांबवणं म्हणजे लादितने दम घेतला. बंद करणं म्हणजे बोलत्या म्हाताऱ्याच्या तोंडावर दार लावणं. बॅटरीवर यंत्र रात्रंदिवस चालायचं, आणि लादित रात्रंदिवस दम घेत बसलेला असायचा.

*

शुक्रवारी लान्येरो आली. गावात सगळे तिला मिन तोराच, म्हणजे तोराचची आई, म्हणत. दर शुक्रवारी ती यायची, कानाला यंत्र लावून नवऱ्याच्या शेताची हद्द ऐकायची. नवरा छावणीतच गेला होता. दीर, न्येको, ओढा ओलांडून नांगर घालत आला होता. हद्दीवरचं शियाचं, तेलबियांचं, झाड त्याने कोळशासाठी केव्हाच पाडलं होतं. सोमवारी न्यायालयात तारीख होती. ओबवोयाच्या आवाजाखेरीज तिच्याकडे काही नव्हतं.

तिने चटणीचं पान टेबलावर ठेवलं. "आज लादित झोपलाय का? सगळं शांत शांत."

"बसा, मिन तोराच."

"तू बसा म्हणालास की काहीतरी मेलेलं असतं. सांग."

त्याने सांगितलं. प्रत म्हणजे काय, उघडी फाईल म्हणजे काय, सगळं. ती पानाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"बाकीचे वाचले?"

"चारशे अकरा."

"न्येकोच्या बाजूने बोलला तो?"

"वाचला."

"वाचणारच. त्याला कोण ऐकत होतं?" मग तिने विचारलं, "तू बंद का केलं नाहीस रे?"

"ते बोलत होते."

शिवी येईल म्हणून तो वाट बघत होता.

"हो," ती म्हणाली. "बोलत होता खरा."

दोरी सोडून तिने ती पुन्हा गुंडाळली.

"यंत्र लाव. मला पाठ आहे."

"मिन तोराच, न्यायाधीश विचारतील, हा आवाज कोणाचा. आपल्याच जमिनीची साक्ष आपल्याच तोंडची..."

"मला कळत नाही असं वाटतं तुला? लाव."

त्याने लावलं. ती बोलू लागली. दोन फांद्यांचं झाड, त्याच्या पूर्वेला वारूळ, वारुळापासून ओढा. लादित जिथे खोकला होता तिथे ती खोकली, दोन दमांत. शेवटी उठली, आणि पान तिथेच ठेवून गेली.

ओजाराने फाईल बंद केली. बारा वाजले. प्रत निघाली. वगळली : शून्य. हिरव्या अक्षरांत : काम पूर्ण झाले.

सोमवारी न्यायाधीशांनी विचारलं, हा आवाज कोणाचा. ओजाराने खरं सांगितलं. ओढ्यापर्यंतची तिची जमीन न्येकोला गेली.

झाड, वारूळ आणि ओढा लादित ओबवोयाने पहिल्या नऊ मिनिटांतच सांगून टाकले होते. पुढचे साडेतीन तास तो लुटून नेलेल्या आपल्या बैलांची नावं सांगत होता.