चावी कोणाजवळ?

धम्मानंद गजभियेने बटण दाबलं आणि गाडीने नुसतं ‘टक्’ केलं. पुन्हा दाबलं, तर तेवढंही नाही. परवा बसवलेली नवी कोरी बॅटरी आणि सकाळी पाहावं तर मेलेली! अंगण झाडत असलेल्या प्रेमिलाने, त्याच्या बायकोने, मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

“आज बी?” तिने विचारलं.

“आज बी,” म्हणत तो किक मारायला लागला. बऱ्याच किका खाऊन गाडी एकदाची धुरासकट जागी झाली.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर गोष्ट निराळी होती. पण हा माणूस इलेक्ट्रिशियन! कळमेश्वरच्या पशुखाद्याच्या कारखान्यात अर्धं आयुष्य घालवलेला. तिथला मिक्सर म्हणजे खोलीएवढं लोखंडी पिंप, आत मांडीएवढी जाड पाती. रोज दुपारी एक जण आत उतरून चिकटलेली ढेप खरवडायचा. तो उतरण्याआधी धम्मानंद पॅनेलचा करंट तोडायचा, पॅनेलला कुलूप ठोकायचा आणि चावी शर्टाच्या खिशात टाकायचा. आतला माणूस बाहेर येऊन समोर उभा राहीपर्यंत ती चावी खिशातून हलत नसे. एकदा मालक स्वतः मागायला आला होता, माल लवकर काढायचा म्हणून. याने खिशावर हात ठेवून सरळ नाही म्हटलं, आणि नोकरी जाईल का याचा विचार घरी गेल्यावर केला. तेव्हापासून कुणीही आत उतरताना एवढंच विचारी, चावी कोणाजवळ? गजभियेकाकांजवळ म्हटलं की उतरणारा निर्धास्त.

आणि असल्या माणसाला एक दुचाकीची बॅटरी दाद देईना!

महाल भागात नत्थूजींचं बॅटरीचं दुकान होतं. तिथे तो परत गेला. नत्थूजी सरळ माणूस, गिऱ्हाइकाला उगाच खर्चात पाडणारा नव्हे. त्यांनी मीटर लावून सगळं तपासलं. गाडी चालू असताना चार्जिंग ठीक होतं. चावी काढली की कुठल्या वायरीतून करंट गळत नव्हता. बॅटरी रात्रभर दुकानातच ठेवून पाहिली, तर सकाळी जशीच्या तशी भरलेली. नत्थूजींनी डोकं खाजवलं.

“भाऊ, माझ्याइथं भरून राहते अन् तुमच्याइथं उतरते. रात्री चावी तं चालू नाही राहून जात?”

धम्मानंदला ते जिव्हारी लागलं. घरी आलं की उजव्या मुठीजवळच्या लाल बटणाने इंजिन बंद करायचं, मग चावी फिरवून काढायची, दाराआडच्या खिळ्याला टांगायची. कित्येक वर्षांची सवय. आणि सकाळी चावी खिळ्यालाच तर असते की!

“चावीचं मले नका शिकवू, नत्थूजी,” तो म्हणाला. “चावीवरच जिंदगी काढली मी.”

नत्थूजींनी बॅटरी गाडीत बसवून दिली.

मग राहिलं काय? रात्री कुणीतरी गाडी घेऊन जातं, असं त्याने ठरवून टाकलं. शेजारच्या एका पोराकडे तो डोळे वटारून बघायलाही लागला. पण खरं सांगायचं तर मनात पाल चुकचुकत होती. मागच्या आठवड्यात कारखान्यातून येताना काटोल नाक्यावर तो घराच्या बाजूला वळलाच नाही. आपण भलतीकडे चाललो आहोत हे कळायला पार पुढचा चौक यावा लागला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आणि प्रेमिलाचंही हल्ली काहीतरी बिनसलं होतं. त्याने चहा ठेवला की ही मागून येऊन शेगडीची बटणं चाचपून जायची. तो मोरीतून निघाला की ही नळ बघायला हजर. सासूसारखी काय मागे लागलीस, असं तो एकदा चिडून म्हणालाही. ती हसली नाही. तिचं ते न हसणं त्याला आवडलं नव्हतं.

चोर पकडायचाच म्हणून दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत तो खिडकीशी येऊन बसला. गाडी फाटकाआड उभी होती. थोड्या वेळाने दार वाजलं आणि प्रेमिला झाडू घेऊन बाहेर आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि गाडीपाशी गेली. तेव्हा कुठे त्याला दिसलं. गाडीच्या काट्यांखाली तो छोटासा हिरवा दिवा जेमतेम जळत होता. चावी गाडीलाच होती. प्रेमिलाने ती फिरवली, दिवा विझला. तिने चावी पदराला पुसली आणि आत येऊन आवाज न करता खिळ्याला टांगली.

वळून पाहते तर हा समोर उभा.

“कवापासून?” त्याने विचारलं.

“दिवाळीपासून.” ती म्हणाली. “तुमी लाल बटण दाबता अन् तसेच आत येता. गॅसचं बी तसंच होऊन राहिलं. नळाचं बी.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“कसं सांगू? तुमच्यासारख्या माणसाले कोन्या तोंडानं सांगू, की चावी राहून गेली म्हून?”

तो खाटेवर बसला. तिच्यावर रागवावं असं वाटत होतं, पण राग येण्याआधी दुसरंच काही मनात आलं. काल दुपारी अंकुश मिक्सरमध्ये उतरला होता. अंकुशला सारी वायरिंग त्याने शिकवलेली, घरी दोन लहान पोरी. काल अंकुश आत असताना चावी कुठे होती? कुलूप लावल्याचं आठवेना. खिशात चावी टाकल्याचं आठवेना. डोळे मिटून पाहिलं, तर परवाची दुपार आठवे, मागल्या वर्षीची आठवे. कालच्या दुपारच्या जागी काहीच नव्हतं. धम्मानंदला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

गाडीला हात न लावता तो एसटीने गेला. अंकुश मिक्सरपाशी डोक्याला फडकं बांधत होता. धम्मानंदने त्याला बाजूला घेतलं आणि कालचं विचारलं. अंकुश फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिला.

“खरं सांग गा.”

“पॅनेलले लटकून होती, काका. कुलूप उघडंच होतं. मी बाहेर निघालो तवा दिसली.” तो खाली बघत म्हणाला, “मंग मी तुमच्या डब्यापाशी आणून ठेवली.”

डब्यापाशी चावी सापडल्याचं धम्मानंदला आता अंधुक आठवलं. तेव्हा त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. बायको झाकत होती, हा पोरींचा बापही झाकत होता, आणि तो आपला रुबाबात शेजारच्या पोराकडे डोळे वटारत होता!

तो मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आला. काय बोलला ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मॅनेजर मात्र दारापर्यंत त्याच्यासोबत आले आणि काही वेळ तिथेच उभे राहिले.

दुपारी त्याने पॅनेलचा करंट तोडला. कुलूप अंकुशच्या हातांनी लावून घेतलं, दोनदा ओढून बघायला सांगितलं.

“चावी तुझ्या खिशात टाक. आजपासून जो आत उतरन त्याच्याच खिशात.”

“काका, तुमी असताना...”

“टाक म्हणतो ना.”

अंकुशने चावी खिशात टाकली, वरून बटण लावलं आणि तो आत उतरला. खरवडण्याचा आवाज सुरू झाला. धम्मानंद नेहमीच्या स्टुलावर बसून राहिला. बसल्या बसल्या त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा! तो ताडकन उठला.

“अंकुश, चावी कोणाजवळ हाये?”

“माझ्याजवळ हाये, काका,” पिंपातून आवाज आला.

तो खाली बसला. दोन बाया पोती शिवत होत्या, त्यांच्याकडे पाहत राहिला. बाहेर ट्रक येऊन लागला. जरा वेळाने त्याचा हात पुन्हा खिशाकडे गेला आणि तो पुन्हा तसाच उठला, तेवढाच घाबरलेला.

“अंकुश, चावी कोणाजवळ हाये?”

आतलं खरवडणं थांबलं. पोती शिवणाऱ्या बायांनीही हात थांबवले.

“माझ्याजवळ हाये, काका,” अंकुश म्हणाला, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.