आता तारीख नाही

इंद्रजितनं दिग्रसच्या घराचं फाटक उघडलं खरं, पण पाऊल काही आत पडेना. कडीच्या आवाजानं नलूताई बाहेर आली आणि त्याला पाहून ओट्यावरच थबकली. बहीणभाऊ कित्येक वर्षांनी समोरासमोर आले होते.

इंद्रजितच्या लोहाऱ्याच्या तेलगिरणीत भाऊजींनी, म्हणजे नलूताईच्या नवऱ्यानं, नागोरावांनी पैसे घातले होते. गिरणी बुडाली. ते पैसे उसने दिले होते, असं म्हणत नागोराव कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टानं इंद्रजितला दिवाळखोर ठरवलं. सोयरे दुरावले. बायको मुलीला घेऊन अमरावतीला माहेरी गेली, ती परतलीच नाही.

काल नागपूर खंडपीठानं तो आदेश रद्द केला. ते कर्ज नव्हतंच, भागीदारीतला वाटा होता, असा निकाल लागला. वकिलाचा फोन ठेवल्यावर इंद्रजितनं बायकोला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. आणखी कुणाला सांगावं, हे त्याला सुचेना. सकाळी उठून तो दिग्रसच्या एसटीत बसला.

"जिंकला म्हणे तू," नलूताई म्हणाली.

"हो. भाऊजी?"

"आत हायेत. कालपासून जेवले नाई."

तिनं पाणी आणलं, फाटकापाशीच दिलं. तो एका दमात प्यायला. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"दाढी पांढरी झाली तुई. हे नाई सांगतलं यायनं."

"कोणं?"

"तुह्या भाऊजीनं. कोर्टाच्या तारखेवून आले का मी इचारत होती, इंदर कसा दिसला? पयले चिडत. मंग आपल्याच मनानं सांगाले लागले. आज लय खोकलत होता. आज टपरीवर एकटाच पोहे खात होता." तिनं पदर तोंडाशी नेला. "आता कोण सांगन?"

दाराचा पडदा किंचित हलला, पण बाहेर कुणी आलं नाही.

"भाऊजी अपील करतीन का?" त्यानं विचारलं.

"कायले इचारतो?"

"काई नाई." त्यानं रिकामा गिलास तिच्या हाती दिला. "करतो म्हणाले, त अडवू नको. तारखा त पडतीन."

आणि फाटक त्यानं हळूच ओढून घेतलं.