जात बदललेली मोसंबी, वरून खाली

फळ

सोनईजवळ छगनमामांच्या बागेत गुरुवारी सकाळी दीड-दोनशे माणसं एका फांदीकडे माना वर करून उभी होती. झाड मोसंबीचं. त्या फांदीवर मात्र खरबरीत सालीची पिवळी, आंबट लिंबं. कल्याण महाराजांनी फुलोऱ्यातच सांगून ठेवलं होतं, ही फांदी जात बदलणार. आता ते तीच फळं पिळून साखरेच्या रोग्यांना रस पाजत होते.

"सायन्सवाले ह्याला म्युटेशन म्हणतात. त्यांना लाखो वर्षं लागतात, आपल्याकडे एका बहारात होतं. झाडाची जात बदलली, तिथं तुमच्या रक्ताची काय कथा?"

रांगेत पहिली माझी बनुमामी. तीन आठवड्यांपासून तिने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. त्याचा वास मला चार हातांवरून आला.

फांदी

मी सावेडीत बारावीला जीवशास्त्र शिकवते. मामांनी मला बोलावलं ते महाराजांच्या म्हणण्यावर शिक्का मारायला.

"अश्विनी, तूच म्हनली हुतीस, म्युटेशननं नव्या जाती होत्यात. व्हय का न्हाई?"

"होतात, मामा."

गर्दी खूश झाली. महाराजांनी मला हात जोडले.

पुढचं मी सांगत राहिले. असा बदल एखाद्या बीजात होतो, वेगळ्या पडलेल्या गटात पिढ्यान्‌पिढ्या साठतो, तेव्हा नवी जात होते. बहुधा हजारो पिढ्यांनी, वनस्पतींत क्वचित लवकर. मोसंबीच्या फांदीत बदल झाला तर बिया कमी होतील, गराचा रंग बदलेल, पण लिंबू लागणार नाही. आणि फळातला बदल खाणाऱ्याच्या रक्तात उतरत नाही. वीस वर्षं मी हेच सांगतेय. खरं सांगायचं तर 'बहुधा' म्हणावं लागतं, 'क्वचित' म्हणावं लागतं. महाराजांना असले शब्द लागत नव्हते.

"मॅडमला बी नक्की म्हाईत न्हाई," मागून कोणीतरी म्हणालं.

मामीला दवाखान्यात चल म्हटलं, तर ती शांतपणे म्हणाली, "रक्त बदलतंय गं, म्हनून ठनकतंय."

बुंधा

त्या फांदीची पानंही वेगळी होती, काटे लांब. म्हणजे फळ धरायच्या आधीच जाणत्याला ती ओळखू आली असती. बुंधा मात्र दिसत नव्हता. भोवती गुडघाभर विटांचा पार, आत माती, वर लाल कापड गुंडाळलेलं. पार कधी बांधला, मी विचारलं. महाराज पहिल्यांदा आले त्या दिवशी, मामा म्हणाले.

तेवढ्यात रोशनबी मावशी पुढे आल्या. त्या चाळीस वर्षं रोपवाटिकेत डोळे भरतात, म्हणजे कलमं बांधतात. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, त्यात मोसंबीचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची. खालचा खुंट नि मुळं जंबेरीची, वर फळ मोसंबीचं. ही अख्खी बाग त्यांच्याच हातची.

"छगनभाऊ, डोळ्याखालची फूट कोन काढतं?"

मामांनी मामीकडे बोट केलं. "ही काढायची. दोन वर्सं झाली, पायामुळं वाकता येत न्हाई तिला."

डोळा

मावशींनी कापडाला हात घातला तेव्हा महाराज म्हणाले, विटाळ होईल.

"महाराज, ह्या झाडाची सुईन मीच हाय."

मामांनी विटा काढल्या, माती उकरली. वीतभर उंचीवर जुना जोड दिसला. मोसंबीचं खोड जोडाच्या वर होतं. चमत्काराची फांदी जोडाच्या खालून निघून खोडाला चिकटून वर गेली होती.

"ही जंबेरी. खुंटाची फूट," मावशी म्हणाल्या. "जात बदलली न्हाई. पैल्यापास्नं दोन झाडं हायत ही."

खुंट

संशयी माणसांत शक्ती टिकत नाही, असं सांगून महाराज गाडीत बसले. रसाच्या बाटल्या भरून घेतलेल्यांनी त्या तरीही घरी नेल्या. मला आश्चर्य वाटलं नाही.

मामी पारापाशी बसली आणि जोडावरून बोट फिरवत राहिली.

"म्हंजी माझं बी काय बदललं न्हाई?"

"नाही, मामी. जखम तेवढी वाढली."

ती उठली आणि मामांना गाडी काढायला म्हणाली. अंगठा गेला, पाय वाचला.

निसर्गात नव्या जाती होतात. त्याला मंत्र लागत नाही. पण कोणी एका बहारात जात बदलून दाखवली, तर आधी खाली वाका, माती बाजूला करा, फांदी कुठून फुटलीय ते पाहा. आणि ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्यासाठी तुम्ही वाका. तोवर गोळी चालू ठेवा.