माझा वाकडा कान

मित्रांनो, मी बत्तीस वर्षांची एक सायकल आहे. माझी चौकट पोलादाची आहे. तिचा हिरवा रंग आता फक्त सीटखाली, जिथे ऊन पोचत नाही तिथे उरला आहे. कोलंबियातल्या बोयाका या डोंगराळ मुलुखात एका लहानशा वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. आमच्याकडे बटाटे, दूध आणि सायकलस्वार ही तीन पिके कधी बुडत नाहीत, असे लोक म्हणतात. माझ्या बरोबरच्या काही जणी शर्यतींना गेल्या. मला गावच्या दवाखान्यातल्या इस्मेनियाबाईंनी घेतले आणि माझ्या कॅरिअरवर लसींची निळी पेटी बसली.

इस्मेनियाबाई परिचारिका होत्या. अंगाने बुटक्या, चालीने भरभर आणि बोलायला तिखट. आठवड्यातून तीन दिवस त्या मला घेऊन डोंगरावरच्या वस्त्यांवर जात. माझ्या गिअरची कळ तेव्हा जुन्या पद्धतीची होती, तिला टप्पे नव्हते. बाई अंगठ्याने ती थोडी पुढे, थोडी मागे सरकवत आणि चेनची खरखर थांबली की हात काढून घेत. त्यांचा अंगठा आणि त्यांचे कान, एवढ्यावर आमचे वीस वर्षे छान चालले.

त्या वर्षांत एकदा दरड कोसळून नेहमीची वाट बंद झाली म्हणून बाईंनी मला दुधाच्या ट्रकमध्ये टाकले होते. वळणावर दोन भरलेले कॅन माझ्या उजव्या अंगावर पडले. पायडल वाकले, ते बदलले. आणखी काय वाकले ते कुणी पाहिले नाही, आणि मला सांगता येत नाही. बाईंचा अंगठा त्यानंतर कळ थोडी जास्त सरकवू लागला, इतकेच.

पुढे माझे दात झिजले. चेन चढावर घसरू लागली. बाई मला चौकातल्या पाउलिनो मिस्त्रींकडे घेऊन गेल्या.

"मिस्त्री, चेन तेवढी बदला."

"एकटी चेन बदलून कसं चालेल, बाई? झिजलेल्या दातांवर नवी चेन म्हणजे नव्या सुनेला जुनी भांडणं. सगळंच बदलू या."

आणि त्यांनी खरोखरच सगळे बदलले. चेन नवी, मागच्या चाकाच्या सातही दातेरी चकत्या नव्या, केबल नवी, चेन या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा डिरेलरही नवा. हँडलवर नवी कळ आली. ती 'टक' वाजली की गिअर आपोआप बरोबर पडायला हवा होता.

तो पडत नव्हता. चौकात फिरताना सगळे ठीक वाटले. चढ लागला तशी चेन मधल्या चकत्यांवर नाचू लागली. एक 'टक' केले तर काही होत नसे, दुसरे केले तर दोन चकत्या ओलांडून जाई.

"नवी केबल आहे, ताणली गेली," मिस्त्री म्हणाले. त्यांनी केबल आवळली. मोठ्या चकत्या सुधारल्या, लहान बिघडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती सैल केली. लहान सुधारल्या, मोठ्या बिघडल्या. मग त्यांनी केबलवरची नळी बदलली. सर्वांत मोठी चकती तरी नीट धरावी म्हणून डिरेलरला फार आत जाण्यापासून अडवणारा आतला स्क्रूही थोडा सैल केला. चौथ्या खेपेला त्यांच्याकडे बदलायला काही उरले नाही, तेव्हा ते बाईंवर घसरले.

"बाई, राग मानू नका, पण तुम्ही चढावर जोर देत देत गिअर टाकता. आधी पाय हलका सोडायचा असतो."

"वीस वर्षं मी या चढावर गिअर टाकतेय, पाउलिनो. तेव्हा तुम्ही मिशी फुटायची वाट बघत होता."

त्याच महिन्यात वरच्या वस्त्यांत डांग्या खोकला पसरला. पेन्या ब्लांका या वस्तीवर एकोणीस बायका मुले घेऊन थांबणार होत्या. बाई निघाल्या. शेवटच्या उभ्या वळणावर त्यांनी सर्वांत हलका गिअर टाकला. चेन मोठ्या चकतीवर चढली आणि तिथे न थांबता तिच्याही पलीकडे, थेट माझ्या आऱ्यांत जाऊन अडकली. मागचे चाक जागच्या जागी आवळले. बाई पडल्या, त्यांचा गुडघा फुटला. पेटीचे झाकण निघाले, बर्फ रस्त्यावर सांडला, लसींच्या बाटल्या खडकावर फुटल्या. ज्या फुटल्या नाहीत त्या उन्हात पडल्या, म्हणून त्याही टाकून द्याव्या लागल्या.

बाई मला ढकलत, लंगडत वर गेल्या. बायका वाट पाहत होत्या. मार्सेलिना नावाची एक जण तान्हे मूल रुआन्यात, म्हणजे अंगावरच्या लोकरी घोंगडीत गुंडाळून दोन तास चालत आली होती. ती म्हणाली, "आमच्या पायांना काही किंमत नाही का, बाई?"

"आहे. पुढच्या गुरुवारी तुम्ही येऊ नका. मी घरोघर येते."

घरी आल्यावर बाईंनी गुडघ्याला पट्टी बांधली, मला अंगणात उलटी उभी केली आणि वही घेऊन बसल्या. रुग्णाची विचारपूस करावी तशी त्यांनी माझी केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सातही चकत्यांवर चेन फिरवायची आणि काय होते ते लिहायचे. दोन पाने भरल्यावर त्या स्वतःशीच म्हणाल्या, "एक टोक बरं केलं की दुसरं दुखतं. म्हणजे दुखणं शिरेत नाही. हाडात आहे."

मग त्यांनी मला सरळ केले आणि माझ्या मागे उकिडव्या बसल्या. शाळेतल्या मुलांचा कणा तपासताना त्या अशाच पाठीमागे बसत. त्यांनी एक डोळा मिटला. डिरेलरची दोन लहान चाके चकत्यांच्या खाली ओळंब्यासारखी सरळ लोंबायला हवीत. खालचे चाक आऱ्यांकडे कलले होते. बाईंनी बोट वर नेले. डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो माझ्या चौकटीचाच एक लहानसा कान आहे. तो आत वाकला होता. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुखणे शोधत कुणाचे तरी बोट तिथे टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाउलिनोंच्या दारात होतो.

"डिरेलर वाकडाय," बाई म्हणाल्या.

"नवाकोरा आहे, बाई! वाकडा कसा असेल?"

"तो नवा आहे. तो ज्याला टांगलाय, ते नवं आहे का?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. माझ्या मागे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी डिरेलर काढला, दुसऱ्या सायकलीचे चाक आणले आणि त्याचा आस माझ्या कानाच्या भोकात आट्यांवर फिरवून बसवला. आता दोन चाके शेजारी शेजारी उभी होती. कान सरळ असता तर दोन्ही रिममधले अंतर सगळीकडे सारखे आले असते. मिस्त्रींनी बोटे घालून मोजले. वर चार बोटे, खाली अडीच.

"पोलाद आहे म्हणून वळेल," ते म्हणाले. "पण एकाच बाजूला, बेताबेताने. पुढे मागे वळवत बसलं तर तुटेल."

त्यांनी ते चाक दोन्ही हातांनी धरले आणि हळू ओढले. मोजले. पुन्हा जरा ओढले. मला दुखले का, हे विचारू नका. वर चार, खाली चार, पुढे चार, मागे चार झाली, तेव्हा त्यांनी डिरेलर लावला, अडवणारा स्क्रू नीट आवळला आणि शेवटी केबल ताणली. टक. टक. टक. सातही चकत्या, वर आणि खाली, एकदाही न अडखळता.

पाउलिनो हात पुसत म्हणाले, "मी तुमच्या पायाला दोष दिला."

"दिलात."

"आणि आतला स्क्रू मीच सैल केला होता. म्हणून चेन आऱ्यांत गेली."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "तो पुन्हा कुणाचा सैल करू नका," एवढेच त्या बोलल्या.

गुरुवारी पाउलिनो दुकान बंद करून स्वतःच्या सायकलीवर आमच्या मागे आले. साऱ्या चढावर ते माझा आवाज ऐकत राहिले. मार्सेलिनाच्या घरी तिची थोरली मुलगी होती. तान्हे नव्हते. त्याला चार दिवसांपूर्वी खोकल्याची उबळ येऊन ते निळे पडले होते आणि शहरातल्या इस्पितळात होते. बाईंनी थोरलीला लस टोचली. "त्या दिवशी लस मिळाली असती, तरी इतक्या लवकर उपयोग झाला नसता," असे त्यांनी मार्सेलिनाला सांगितले, आणि ते खरेच होते. पण मार्सेलिनाने पाउलिनोंच्या हातात दिलेले गुळाचे गरम पाणी तसेच निवून गेले. अकरा दिवसांनी बाळ घरी आले. हडकुळे झाले होते, पण रडायचे जोरात.

मित्रांनो, आता इस्मेनियाबाई निवृत्त झाल्या आहेत आणि मी पाउलिनोंच्या दुकानात असते. नवे भाग घालूनही गिअर पडत नाहीत अशा सायकली रोज येतात. आम्हा मुक्यांना आपला मार सांगता येत नाही. तेव्हा तुम्ही आम्हाला नवीन काही घेण्याआधी एकदा मागून, सावकाश बघा.

पाउलिनो आता पाना उचलण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "पडली होती का?"

"नाही हो, कधीच नाही," प्रत्येक जण म्हणतो.

"बरं," पाउलिनो म्हणतात, आणि सायकलीच्या मागे जाऊन उकिडवे बसतात.