वाढलेली बांगडी

दिनानाथ घड्याळजी जादूचे खेळ करायला निघाला की त्याच्या हातात काही म्हणजे काही नसे, आणि नेमकं हेच त्याच्या बायकोला, वेणूला, बघवत नसे. पनवेलच्या बाजारात एवढंसं दुकान, दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडायची, आणि लग्नसराई आली की मांडवामांडवांतून जादू. पण जादूगार म्हणावा तर पेटी नाही, पडदा नाही, रंगीत रुमाल नाही. लोकांकडूनच विडी मागायची, अंगठी मागायची, टोपी मागायची आणि त्यावरच खेळ करायचा!

"अहो, एक पेटी करा आपली," वेणू म्हणायची. "आपलं सामान ते आपलं. त्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं."

"म्हणून तर नको. गेल्या वर्षी तो पेटीवाला आला, पेटीतून कबूतर काढलं. लोक काय म्हणाले? पेटीतच काहीतरी आहे! आता म्हाताऱ्याच्या स्वतःच्या टोपीतून त्याचीच विडी निघाली, तर तो बिचारा शोधणार कुठे?"

"आणि लोकांची वस्तू मोडली म्हणजे?"

"आजवर मोडलीय?"

मोडली नव्हती, हे मात्र खरं. घेतलेली वस्तू ज्याची त्याच्या हातात परत, हा त्याचा नेम होता. तरी वेणूला वाटे, बाई गं, एक दिवस चारचौघांत फजिती होणार आहे.

तो दिवस वैशाखात उजाडला. कामोठ्याच्या दाजींकडे लग्न होतं. दाजींचं स्वतःचं मिठागर, माणूस हौशी. हळदीच्या दिवशी दुपारी दिनानाथचा खेळ त्यांनी मुद्दाम ठेवला होता. लग्नघरी आलेली सवाष्ण बांगड्या भरल्याशिवाय सोडायची नाही, म्हणून वेणूलाही कासारापुढे बसवलं. ती आणि हौसा नावाची एक पोर सगळ्यांच्या शेवटी बसल्या. तोवर कासाराकडे सोनेरी टिकल्यांच्या हिरव्या बांगड्यांचं एकच मोठं माप उरलं होतं. वेणूचा हात भरलेला, तिला त्या घट्ट बसल्या. हौसाच्या हातात मात्र कोपरापर्यंत घसरायला लागल्या.

"अशी का गं वाळलीस?" वेणूने विचारलं.

उत्तर दाजींच्या आईने, ठमाबाईने दिलं. "तिचा नवरा भगवान मचव्यावर हाय, बाय. शिमग्याला मीठ घेऊन दर्यावर गेला, अजून नाय आला. मधी वादल झाला. मंग गल्यातून घास उतरल कसा?"

हौसाने मान खाली घातली आणि बांगड्या वर सरकवल्या. त्या पुन्हा घसरल्या.

खेळ सुरू झाला आणि वेणू नेहमीसारखी आपली कुरकूर विसरली. काय तो हात! दाजींची अंगठी मिठाच्या ढिगात पुरली, ती देवळातल्या गुरवाच्या बटव्यात निघाली. एकाची अर्धी ओढलेली विडी दुसऱ्याच्या कानामागून आली. गडी मांड्या थोपटत होते, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. वेणूचं ऊर भरून आलं. घरी मेल्याला साधी कपबशी जागेवर ठेवता येत नाही, आणि इथे बघा.

"आता एक बांगडी द्या कुणीतरी," दिनानाथ म्हणाला.

कुणाची निघेना. हौसाची आपोआप निघाली. तिने ती हसत दिली. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. दिनानाथने ती दाजींच्या उपरण्याखाली धरली, उपरण्याला पीळ घातला, आणि कट्‌ असा आवाज झाला.

उसन्या वस्तूचं हेच! बांगडीला आतून तडा होता, आणि तो दिनानाथच्या भिंगाखालून गेला नव्हता. हिरव्या काचेचा एक तुकडा उपरण्यातून निसटून खाली सारवणावर पडला.

ठमाबाईने तो तुकडा उचलला. हौसाचा चेहरा असा उतरला की वेणूला तिच्याकडे बघवेना. हळदीचा मांडव, समुद्रावर गेलेला नवरा, आणि चारचौघांत हातातली बांगडी अशी गेली! आता ही पोर रात्र कशी काढणार?

"पिचली का र?" ठमाबाईने हळूच विचारलं.

"नाही आजी," तिच्या हातातला तुकडा उपरण्यात घेत दिनानाथ मोठ्याने म्हणाला. "वाढली."

आता आपल्याकडे फुटली असं कोण म्हणतं? नारळ वाढवतात, बांगडी वाढते. म्हणजे हा तेच बोलला. एक बाई रडायलाच लागली.

"रडता काय? वाढली म्हणजे वाढली! तुमचाच शब्द ना? मग वाढलेली वस्तू कमी कशी होईल? एकाच्या दोन व्हायला हव्यात." आणि मग अगदी सहज, "वेणू, जरा पाणी आण गं. घसा सुकला."

खेळ चालू असताना हा माणूस पाण्याचा थेंब घेत नसे. याच्यापाशी काही नाही, आणि तो दोन म्हणून बसलाय! त्या मापाच्या, त्या टिकल्यांच्या बांगड्या साऱ्या मांडवात आणखी एकाच हातात होत्या.

ती पाण्याच्या कोपऱ्यात गेली. हातातून बांगडी उतरवायची, तीही सवाष्णीने, हळदीच्या मांडवात? क्षणभर तिचा जीव कचरला. मग तिला वाटलं, माझा नवरा समोर धडधाकट उभा आहे, तिचा नाही. नवरीसाठी कालवलेल्या हळदतेलात तिने हात बुचकळला, ओठ दाबले आणि दोन बांगड्या ओढल्या. अंगठ्याच्या मुळाशी कातडं सोलून निघालं. तिने हात पदराने झाकला, बांगड्या तांब्याच्या बुडाशी दाबून धरल्या आणि तांब्या नेऊन दिला.

दिनानाथने उपरण्यासकट दोन्ही हातांनी तांब्या घेतला, घोटभर पाणी प्यायला आणि परत दिला. बांगड्या केव्हा गेल्या आणि तुकडे केव्हा तांब्यात आले, ते तांब्या धरून उभ्या असलेल्या वेणूलाही कळलं नाही. धन्य बाबा तुझी! तुकडे वाजू नयेत म्हणून तिने तांब्या पोटाशी घट्ट धरला.

उपरणं झटकलं. दोन बांगड्या! अखंड, आणि हळदीने पिवळ्याधमक.

"अगो, हलद लागून आली गो!" ठमाबाई ओरडली. "तुजा भगवान सुखरूप हाय, हौसे! देवानं हलद लावून धाडली!"

हळदीचं दिनानाथलाही ठाऊक नव्हतं. तो एकदा वेणूकडे बघून राहिला, आणि मग त्याने दोन्ही बांगड्या हौसाच्या हातात घातल्या. मांडवात असा गलका झाला की वाजंत्री बंद पडली.

ऊन उतरल्यावर गाडी जुंपली. निरोप द्यायला आलेल्या हौसाने वेणूचा झाकलेला हात हातात घेतला, पदर बाजूला केला आणि सोललेल्या जागेवर हळूच फुंकर घातली.

"ताई, त्या मापाच्या तुज्या नि माज्याच व्हत्या," ती कुजबुजली. "मना तवाच कललं."

वेणू म्हणाली, "मग बोलली का नाहीस?"

"आजी किती खूश झाली." हौसाने एक बांगडी काढून वेणूच्या तळहातावर ठेवली. "ही तुजी तुला. दुसरी मी उसनी ठेवतंय. देयाला आमी दोगं येऊ, तो नि मी."

गाडी पनवेलच्या रस्त्याला लागली. मग दिनानाथ म्हणाला, "तुझंच खरं. आपण पेटी करू. आज पहिल्यांदा उसनी वस्तू माझ्याकडून परत गेली नाही."

"काही नको पेटीबिटी," वेणू म्हणाली. "आणि राहिली तर राहू दे. ती दोघं मिळून आणून देणार आहेत."