बंद कारखान्याची दवंडी

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. हरियाणातल्या मानेसरजवळच्या एका गावात, पंचायतघराच्या छपरावर, पाण्याच्या टाकीला तारेने बांधलेला मी आकाशाकडे तोंड उघडून उभा असतो.

माझा जन्म जुन्या दिल्लीतल्या एका गल्लीत झाला, जिथे ऊनही आडवे होऊन शिरते. कारागिराने ॲल्युमिनियमचा पत्रा फिरत्या साच्यावर दाबत मला हळूहळू उमलवले. धोत्र्याच्या फुलाचा आकार मला मिळाला आणि देठाशी एक थरथरणारा पडदा. स्वतःचा आवाज मात्र मला कधीच नव्हता. दुसऱ्याच्या ओठांवरचे शब्द दूर नेऊन सोडणे, हेच माझे प्राक्तन.

त्यात मी सुखी होतो. तुम्ही जिला दवंडी म्हणता, तिला इकडे मुनादी म्हणतात. पोलिओचे डोस, म्हशींची लस, जत्रेत हरवलेले मूल, सारे माझ्या घशातून गावभर जाई. मूल सापडले की त्याची आई वर बघून मला हात जोडी. पुढे खिशाखिशात फोन आले. माझी तार कुणी तोडली नाही; फक्त मला बोलते करणारे कुणी उरले नाही. माझ्या मुखात कबुतरे नांदू लागली.

त्या मुक्या वर्षांत पंचायतघराला लागून असलेल्या खोलीत जालन्याकडचे अंबादास आणि पार्वती राहायला आले. अंबादास कंपनीच्या बसने गाड्यांचे सुटे भाग बनवायला जाई. पार्वती अंगणात आपल्या छोट्या सुखदाशी दिवसभर बोलत बसे. आज मी तुमच्याशी बोलतो आहे ती भाषा तिच्याकडूनच वेचली. तिचा हेल तेवढा मला साधला नाही.

त्याच अंगणातल्या हातपंपाचे पाणी पिवळे पडत गेले. गावाच्या कडेला नट-बोल्टांवर चकाकी चढवणारा एक कारखाना होता. त्याचे आम्लाचे पाणी नाल्यात उतरे आणि नाल्यातून जमिनीच्या पोटात. सुखदाच्या हातांवर चट्टे उठले. रात्र रात्र ती खाजवत राही.

"गावाकडं जाऊ आपण," पार्वती म्हणाली.

"नोकरी सोडून? तिथं खाणार काय?"

"अन् इथं पिणार काय?"

अंबादास म्हणाला, "तक्रार तरी कुणाकडं करावी? कारखान्याच्या फाटकावर सरकारी कागद डकवलाय. शिक्का हाय त्याच्यावर. परवानगी असल्याबिगर डकवतील का?"

सारे गाव असेच समजत होते. मित्रांनो, तो इंग्रजी कागद म्हणजे कारखाना बंद करण्याचा आदेश होता! कारखान्याची वीज तोडली गेली होती. केलेली कारवाई सरकारी संकेतस्थळावर झळकलीही होती. पण मालकाने डिझेलचा जनरेटर आणला, फाटकाला बाहेरून कुलूप घातले आणि आत काम चालू ठेवले. सरकारी जीप दूर वळणावर दिसली की जनरेटर थांबे. जीप गेली की पुन्हा धडधडू लागे. 'कारखाना बंद आढळला' असे अहवालात लिहिले जाई, आणि लिहिणारा खोटे बोलत नसे.

एके सकाळी दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयातून देवयानी नावाची तरुण मराठी अधिकारी आली. जीप दुसरीकडे गेली होती, म्हणून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरातून निघालेली ती शेवटचा टप्पा शेअर ऑटोत अंग चोरून बसून पोहोचली. कारवाईची वार्ता लोकांपर्यंत गेली का, हे तिला पाहायचे होते. ती थेट सरपंचांकडे गेली आणि मुनादी करायची आहे म्हणाली.

"मैडम जी, थारी वेबसाइट पै तो छप लिया," सरपंच म्हणाले, "इब मुनादी किस बात की?"

"आपने खोली है वो वेबसाइट?"

"मेरे तै तो भैंस का बीमा भी ना खुलता उसपै!" सरपंच मिशीत हसले आणि त्यांनी माणूस वर धाडला.

कबुतरे उडाली. तारेतून वीज आली आणि माझा पडदा शहारला. देवयानीने आदेश हिंदीत वाचायला घेतला: कारखान्याचे नाव, त्याचा गुन्हा, पाण्यात सापडलेले विष, ठोठावलेला दंड. चौकात माणसे जमली. शेवटचे वाक्य मी गावावर सोडले, "यह कारखाना बंद किया जा चुका है।"

"बंद?" खालून पार्वतीचा आवाज आला. "ओ मॅडम, बंद कुठाय? कान देऊन ऐका की जरा!"

परक्या गावात अवचित मराठी ऐकून देवयानी चमकली. तिने माईक खाली घेतला. मी थांबलो. चौकही थांबला. आणि त्या थांबण्यातून, भिंतींच्या पलीकडून, ती जनरेटरची धडधड वर आली. इतकी सवयीची की ती कुणालाच ऐकू येईनाशी झाली होती.

देवयानी पुन्हा माईकजवळ आली. "सुन लिया सबने? मैं भी सुन रही हूँ।"

गाव फाटकाकडे निघाले. पहारेकऱ्याने कागदाकडे बोट दाखवले, "परमिशन सै जी, सरकारी मोहर लाग री सै।" देवयानीने तोच कागद सर्वांसमोर शब्द न् शब्द हिंदीत वाचला. पार्वतीने तिला नाल्यात आम्लाचे पाणी सोडणारा, झुडपांत लपवलेला नळ दाखवला. संध्याकाळच्या आत जनरेटरला सील लागले आणि तो नळ उखडला गेला.

पुढच्या आठवड्यात देवयानी पुन्हा आली. कुठे सील लागले, पिण्याच्या पाण्याचे टँकर कुणाच्या खर्चाने येणार, हातपंपाची तपासणी कधी, हे तिने माझ्यातून ऐकवले. आता दर महिन्याला या परिसरातल्या कारवाया मीच सांगतो. जमिनीच्या पोटातले विष एका दवंडीने निघत नाही. हातपंपावर अजून लाल रंगाची फुली आहे. पण टँकरच्या स्वच्छ पाण्याने सुखदाचे चट्टे सुकत आले. गावाकडे जाण्याचा विषय पार्वतीने पुन्हा काढला नाही. उलट परवा ती अंबादासला म्हणत होती, "मॅडमला म्हटलं, मलाबी एकदा वाचू द्या. आपला आवाज काय कमी हाय व्हय?"

मित्रांनो, मला रंग द्या, माझी तार सांभाळा, एवढे तुम्ही कराल याची खात्री आहे. पण मला अजून एक हवे आहे. तुमच्या वस्तीत असा सरकारी कागद लागला, तर तो साऱ्यांना समजेल अशा भाषेत मोठ्याने वाचा. आणि वाचून झाला की क्षणभर गप्प राहा. कान द्या. जे बंद झाले म्हणून सांगितले, ते खरोखर बंद झाले आहे का, ते त्या क्षणीच कळते.