कुंदनभाऊंचे तास

माधवीला सूड हवा होता आणि ती तो लपवतही नव्हती. अमरावतीला कुंदनभाऊंच्या नकाशे काढायच्या ऑफिसात तिने उमेदीची वर्षं घातली. भाऊंनी तिथे दरमहा भाड्याचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, कोण किती वेळ काम करतं ते मोजणारं. माउस हलला नाही की ते मेलं 'रिकामा वेळ' लिहायचं. माधवीची सवय अशी, की आधी कागदावर पेन्सिलीने घर उभं करायचं, मगच कॉम्प्युटरला हात लावायचा. झालं! दर शनिवारी भाऊ सगळ्यांसमोर तिचा रिकामा वेळ मोठ्याने वाचायचे.

"काहून व माधवी, पगार बसाचा भेटते काय तुले?"

पोरं फिदीफिदी हसायची. भाऊंचं स्वतःचं नाव मात्र त्यात नसायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कोण मोजणार?

शेवटी ती अकोल्याला आली आणि स्वतःचं ऑफिस थाटलं. वेळ तिलाही मोजावा लागणारच होता, पण भाड्याच्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं तरी तिच्या डोक्यात तिडीक जायची. तिने ओपन सोर्समधलं, म्हणजे फुकट वापरता येणारं, एक शोधून ऑफिसातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. त्यात माउसवर पाळत नव्हती. कामाला बसताना बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. सगळ्यांचे तास सगळ्यांना दिसायचे, तिचेसुद्धा.

आणि मग देवानेच घास तोंडाशी आणून दिला. मूर्तिजापूरच्या खुशालरावांनी मंगल कार्यालय बांधायला काढलं. आतले नकाशे माधवीकडे, जिना आणि दर्शनी भाग कुंदनभाऊंकडे. बोली तासांवर ठरली, म्हणून दोघांचे तास एकाच जागी पाहिजेत, असं खुशालराव म्हणाले.

"माह्या सॉफ्टवेअरमंदी घेऊ," भाऊ म्हणाले. "कंपनीचं हाय. फुकटच्याचा काय भरवसा?"

"तुमचं भाडं थकलं का आपली सारी माहिती कंपनीच्या घरी," माधवी म्हणाली. "माह्यं माह्या टेबलाखाली हाय. खुशालराव, तुमी कवाबी येऊन पाहा. फक्त मालकाचंबी नाव त्याच्यात पाह्यजे. माह्यंबी, भाऊचंबी."

खुशालरावांना ते एकदम पटलं. भाऊंनाही मग आपलं नाव त्यात घालावं लागलं.

काम सुरू झालं आणि एके दिवशी माधवीला भाऊ मूर्तिजापूरच्या बाजारात दिसले, पाव्हण्यांसोबत. ऑफिसात येऊन बघते तर त्यांचं बटण अमरावतीत दाबलेलंच! भाऊंनी सांगून ठेवलेलं असणार, रोज सकाळी कोणीतरी दाबत होतं. तिने शनिवारी जिन्याचं बोलायला म्हणून सगळ्यांना अकोल्याला बोलावलं. कचोऱ्या मागवल्या, सोबत तळलेल्या मिरच्या.

भाऊ ऐसपैस बसले. पहिली कचोरी संपवून दुसरी उचलली, तेवढ्यात माधवीने भिंतीवरचा मोठा पडदा सुरू केला. 'कुंदन. जिना. काम सुरू.' नावापुढचा आकडा सगळ्यांच्या देखत पुढे सरकत होता.

खुशालरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग भाऊंच्या हातातल्या कचोरीकडे. दोन्ही ऑफिसांतली पोरं खाली माना घालून हसू दाबत होती. भाऊंचा चेहरा पार उतरला. माधवीला त्यांची कणभरही दया आली नाही. उलट जिवाला कसं गारगार वाटलं.

"भाऊ," ती गोड आवाजात म्हणाली, "पायऱ्या किती ठेवाच्या ते तुमाले विचारू, का तिकडं अमरावतीले बसून जिना काढून रायले त्या कुंदनभाऊले फोन लावू?"